लपायला जागा

फ्लोरिडातल्या पाइनच्या जंगलात कॉर्न स्नेक शोधत दिवसभर हिंडलं तरी तो दिसेलच असं नाही. असतो तो तिथेच, कदाचित हाताच्या अंतरावर. पण वाळून उभ्या राहिलेल्या झाडाच्या सुटलेल्या सालीखाली, कुजक्या ओंडक्याच्या पोटात, नाहीतर दुसऱ्या कुणी खणून सोडून दिलेल्या बिळात. दिवस कलला की बाहेर पडतो, उंदीर हुडकतो, झाडावर चढून घरट्यातली पिल्लं शोधतो आणि उजाडायच्या आत पुन्हा कुठल्यातरी फटीत शिरतो. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके, असा हा देखणा साप आयुष्याचा बहुतेक काळ कुणाच्या नजरेलाही पडत नाही. पाळणाऱ्याची पहिली अडचण इथेच सुरू होते. आपण त्याला आणतो बघायला, आणि तो जगतो लपून.

या सापाचं घर म्हणजे अमेरिकेचा आग्नेय भाग. उत्तरेला न्यू जर्सी, दक्षिणेला फ्लोरिडाच्या टोकाची बेटं. न्यू जर्सीत मराठी माणसांची वस्ती मोठी आहे, पण तिथल्या पाइन बॅरन्सच्या वालुकामय जंगलात हा साप राहतो हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. तो तिथे इतका विरळ झाला आहे की राज्यानं त्याला संकटग्रस्त ठरवलं आहे. लिनियसनं १७६६ साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि नावात ‘गट्टाटस’ म्हणजे ठिपकेदार हा शब्द घातला. तो शब्द आजही टिकून आहे. पॅन्थेरोफिस गट्टाटस हे सध्याचं नाव. ‘कॉर्न’ कुठून आलं याची दोन कारणं सांगतात. शेतकऱ्यांच्या मक्याच्या कणग्यांमध्ये उंदरांच्या मागावर तो सापडायचा, हे एक. दुसरं त्याच्या पोटाकडे पाहिलं की पटतं: काळ्यापांढऱ्या चौकटी, रंगीत दाण्यांचं मक्याचं कणीस सोलून ठेवावं तशा.

आपल्या घराजवळ सापडणारा तस्कर साप पूर्वी कॉर्न स्नेकच्याच प्रजातीत, एलाफीत, मोडत असे. पुढे दोघांचीही शास्त्रीय नावं बदलली, पण नशीब सारखंच राहिलं. कॉर्न स्नेक बिनविषारी असतो; भक्ष्याला विळखा घालून मारतो. मात्र घाबरला की वाळल्या पानांवर शेपूट थरथरवतो, रॅटलस्नेकसारखा आवाज होतो, आणि अंगावरची नक्षी विषारी कॉपरहेडची आठवण करून देते. त्यामुळे काठी पडते. आपल्याकडे बिनविषारी कवड्याही मण्यार समजून मारला जातो, तसंच.

आता पेटीकडे वळू. पेटीची पहिली परीक्षा झाकणाची असते. पिल्लू शिसपेन्सिलीएवढं जाड, आणि डोकं जाईल त्या फटीतून सगळं अंग जातं. मोठा साप रात्रभर झाकणाला नाकानं ढोसत राहतो आणि सैल कोपरा सापडला की निघून जातो. वजन ठेवलेलं झाकण म्हणजे बंद झाकण नव्हे. कडी किंवा कुलूप हवं. पळालेला साप शोधताना त्याच्यासारखा विचार करावा लागतो. तो मोकळ्या जमिनीवर नसतो. फ्रीजच्या मोटरीजवळ असतो, कपाटामागे असतो. ऊब आणि अंधार एकत्र मिळतात तिथे असतो.

या दोन गोष्टी त्याला पेटीतच मिळाल्या पाहिजेत. साप स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही. अन्न पचवायचं, तर त्याला कुठूनतरी ऊब घ्यावी लागते. पुरेशी ऊब झाली की गार जागी सरकावं लागतं. म्हणून सगळी पेटी एकसारखी गरम ठेवणं ही चूक आहे, आणि ती फार लोक करतात. एका टोकाला २८ ते ३० अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २२ ते २४, आणि मधे उतरती ऊब, ही सोय हवी. साप दिवसातून अनेकदा या उतारावर जागा बदलतो. जेवल्यावर गरम टोकाला जातो, कात यायच्या वेळी वेगळीकडे. त्याच्या शरीराला या घडीला किती तापमान हवं, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. आपलं काम त्याला निवड करू देण्याचं.

पण इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्या संगोपनात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा पेटीत लपायला एकच जागा आहे आणि ती गार टोकाला आहे. मग सापापुढे पेच पडतो: सुरक्षित राहायचं की ऊब घ्यायची? बहुतेक साप सुरक्षितता निवडतात. जेवलेला साप गारठ्यात लपून बसतो, पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडू लागतो, दोन दिवसांनी तो ओकतो. आणि मालक म्हणतो, साप आजारी आहे. साप ठणठणीत असतो, त्याला जागा चुकीची मिळालेली असते. म्हणून लपायच्या जागा निदान दोन हव्यात, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला. जागाही ऐसपैस नको. अंग तिन्ही बाजूंनी भिंतींना टेकलं की साप शांत होतो. झाडाच्या सालीखाली त्याला हाच स्पर्श मिळत असतो.

ऊब देण्यासाठी हीट मॅट किंवा वरून दिवा वापरतात. कुठलंही साधन घेतलं तरी थर्मोस्टॅटशिवाय ते लावू नये. मॅट स्वतःहून थांबत नाही. मोकळी सोडली तर चाळिशीच्या वर जाते. खालून भाजत असताना साप चटकन उठून जात नाही आणि पोटाचे खवले करपतात. दुकानात मिळणारे विजेचे गरम दगड तर मी कुणालाच सुचवणार नाही. थर्मामीटरही एक पुरत नाही, दोन्ही टोकांना वेगळा हवा.

तळाला ऍस्पन या झाडाचा भुस्सा घालतात. तो मोकळा असतो, त्यात साप बोगदे करतो, आणि पृष्ठभागावर काही दिसत नसलं तरी खालून भुस्सा हळूच हलताना दिसतो. सीडरचा किंवा पाइनचा भुस्सा टाळावा. त्यांच्या सुगंधी तेलांनी बंद पेटीतल्या सापाच्या श्वसनाला त्रास होतो. पाण्याचं भांडं जड हवं, उलटणार नाही असं. हवेतला ओलावा साधारण निम्मा, चाळीस ते साठ टक्के, ठीक. कात यायच्या दिवसांत ओल्या शेवाळानं भरलेला एक डबा आत ठेवला की काम भागतं. डोळे दुधाळ निळसर होतात, काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर साप नाक खडबडीत लाकडावर घासून कात सोडतो. ती मोज्यासारखी उलटी, अखंड निघाली पाहिजे. कातीवर डोळ्यांच्या दोन पारदर्शक वाट्या दिसतात का, ते पाहावं. त्या डोळ्यावरच राहून गेल्या असतील तर ओलावा कमी पडला होता.

पेटी किती मोठी असावी, यावर पाळणाऱ्यांमध्ये जुना वाद आहे. व्यापारी पैदासकार कपाटाच्या खणांसारखे प्लॅस्टिकचे डबे एकावर एक रचतात. साप जेवतो, वाढतो, अंडी घालतो. मग अजून काय हवं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. मोकळी जागा असेल तर कॉर्न स्नेक अंग सरळ ताणून पडतो, चढतो, फांद्यांवरून लोंबतो. पूर्ण वाढलेला साप बहुधा एक ते सव्वा मीटर भरतो, काही दीड मीटरच्या पुढे जातात. त्याला निदान स्वतःच्या लांबीइतकं सरळ होता आलं पाहिजे; म्हणजे १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि चढायला पुरेशी उंच पेटी. त्या पेटीत साप एकच ठेवायचा. दोघे एकमेकांना चिकटून झोपलेले दिसले की मैत्रीचा भास होतो, पण ते एकाच चांगल्या जागेसाठी चिकटलेले असतात.

जेवणाचं फार अवघड नाही. गोठवलेले उंदीर वितळवून, कोमट करून चिमट्यानं द्यायचे. पिल्लांना पाच-सात दिवसांनी केस न आलेलं उंदराचं पिल्लू, मोठ्यांना दहा ते चौदा दिवसांनी मोठा उंदीर. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून फार मोठा नको. जिवंत उंदीर पेटीत सोडू नये. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, आणि त्या जखमा भयंकर असतात. जेवणानंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही.

आतापर्यंत लपलेल्या सापाबद्दल बोललो. पैदाशीकडे वळताना सापाच्या आत लपलेल्या गोष्टी सुरू होतात.

१९५३ साली जंगलात एक पांढुरका-नारिंगी, गुलाबी डोळ्यांचा कॉर्न स्नेक सापडला. त्याच्यात काळं रंजकद्रव्य, मेलॅनिन, नव्हतं. बर्नार्ड बेक्टेल हे व्यवसायानं त्वचारोगतज्ज्ञ, त्यामुळे रंग का उमटतो आणि का उमटत नाही या प्रश्नाचं त्यांना मनापासून कुतूहल. या सापापासून त्यांनी पैदास केली. पहिल्या पिढीतली सगळी पिल्लं नेहमीच्या रंगाची निघाली. अल्बिनो बाप जणू नव्हताच. मग त्याच पिल्लांची आपसात जुळणी झाली, आणि नेहमीच्या रंगाच्या आईबापांच्या अंड्यांतून गुलाबी डोळ्यांची पिल्लं बाहेर आली. मेंडेलनं वाटाण्यात पाहिलेला अप्रभावी गुण सापात तसाच वागत होता. बेक्टेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी हे १९६२ साली ‘कोपिया’ या नियतकालिकात मांडलं.

त्यानंतर लोक असे वेगळे साप हुडकू लागले. फ्लोरिडात लाल रंग नसलेले, करडे-काळे साप सापडले. दक्षिण कॅरोलिनातल्या ओकीटीच्या शिकारी रानातले भडक साप कार्ल कॉफेल्ड यांच्या १९५७ सालच्या पुस्तकामुळे आधीच प्रसिद्ध झाले होते. कॉफेल्ड स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग सांभाळत. काळा नसलेला आणि लाल नसलेला, या दोन प्रकारांचा संकर केला की पहिल्या पिढीत पुन्हा सगळे साधे. त्यांची आपसात जुळणी केली की सरासरी सोळांत एक पिल्लू असं निघतं ज्यात काळाही नाही आणि लालही नाही: फिकट गुलाबी-पांढरं. त्याला स्नो म्हणतात. सोळांत एक, हा आकडा कागदावर मांडणं आणि अंड्यातून बाहेर येताना पाहणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी काळा रंग का हरवतो याचं मूळ शोधलं. ओसीए२ नावाच्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला होता आणि त्यानं जनुकाचं काम मोडलं होतं. हेच जनुक माणसातही आहे. त्यात बिघाड झाला की अल्बिनिझमचा एक प्रकार होतो. साप आणि माणूस यांच्या त्वचेत एकच गोष्ट एकाच जनुकामुळे चुकते, हे वाचलं तेव्हा मला सापाच्या कातीकडे पुन्हा नीट बघावंसं वाटलं.

अप्रभावी जनुक लपून राहतं म्हणून सुंदर रंग अचानक मिळतात. पण तसेच रोगही लपून राहतात. सनकिस्ड नावाच्या रंगप्रकाराच्या काही वंशांत पाळणाऱ्यांना अशी पिल्लं दिसू लागली की ज्यांची मान वर वळते, शरीराचा तोल राहत नाही, कधी ती पाठीवर उलटी होऊन सरकतात. आकाशाकडे बघत राहिल्यासारखं दिसतं म्हणून त्याला स्टारगेझर म्हणतात. आईबाप दोघेही वरून पूर्ण निरोगी असतात. चांगल्या पैदासकारांनी आधी चाचणीसाठी जुळण्या करून वाहक साप वेगळे काढले. आता डीएनए तपासणी होऊ शकते. रंगाच्या नावाखाली बहीण-भावांची जुळणी पिढ्यानपिढ्या करणाऱ्यानं ही तपासणी टाळली, तर त्याला क्षमा करणं मला कठीण जातं. या चुकीची किंमत त्याला मोजावी लागत नाही.

जुळणीआधी मादीची तब्येत पाहायची. पाळणारे एक सोपा ठोकताळा सांगतात: तीन वर्षं, तीन फूट, तीनशे ग्रॅम. यातलं एकही कमी असेल तर थांबावं. लहान मादीत अंडं अडकलं तर ते जिवावर बेततं. हिवाळ्यात साप दोन-तीन महिने १० ते १५ अंशांत ठेवतात, अंधारात, पाणी देऊन. त्याआधी किमान दोन आठवडे उपास घडवायचा, कारण गारठ्यात पोटात राहिलेलं अन्न कुजतं. ही थंडी त्यांच्या मूळ प्रदेशातल्या हिवाळ्याची नक्कल आहे. वसंतात ऊब वाढवली की नराची भूक कमी होते आणि तो अस्वस्थ फिरू लागतो. जुळणी झाल्यावर मादी काही आठवडे भरपूर खाते, मग खाणं सोडते. अंडी घालण्याआधी ती एकदा कात टाकते, आणि त्यानंतर एक-दोन आठवड्यांत अंडी येतात. तोवर ओल्या शेवाळाचा डबा तयार हवा. नसला तर ती पेटीतली सर्वांत ओली जागा शोधते, म्हणजे पाण्याचं भांडं, आणि अंडी बुडून मरतात.

अंडी साधारण दहा ते तीस. चामड्यासारखी मऊ, लांबट, एकमेकांना चिकटलेली. मादी त्यांना सोडून निघून जाते, राखत नाही; जंगलात कुजणाऱ्या लाकडाची ऊब हेच त्यांचं उबवणं. आपण अंडी तितक्याच वजनाच्या पाण्यानं ओलं केलेल्या व्हर्मिक्युलाइट या खनिजाच्या डब्यात, २७-२८ अंशांत ठेवतो. चिकटलेली अंडी ओढून सुटी करू नयेत आणि अंडं फिरवू नये. कोंबडी अंडी फिरवते म्हणून सापाचीही फिरवायची, असा समज असतो. पण सापाचा गर्भ पहिल्या दिवसांतच वरच्या बाजूला स्थिरावतो, आणि उलटलं तर मरतो. वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करून ठेवावी. मगरीत आणि अनेक कासवांत उबेवर नर की मादी ठरतं, तसं इथे होत नाही; या सापाचं लिंग गुणसूत्रांवर ठरतं, आणि ते ठरवणारं वेगळं गुणसूत्र आईकडे असतं.

दोन महिने वाट बघायची. या दोन महिन्यांतच एक हिशोब करून ठेवायला हवा. वीस अंडी म्हणजे वीस साप, आणि पाळलेला कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. घेणारी घरं कुठे आहेत? नको झालेला साप रानात सोडणं हा मार्ग नाही. ग्रँड केमन बेटावर कॉर्न स्नेक बाहेरून जाऊन स्थायिक झाला आहे, तिथल्या छोट्या प्राण्यांना तो नवा शिकारी. आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. धामण, तस्कर, नाग, कुठलाही देशी साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे हे प्रकरण वाचून अंगणातला साप पेटीत घालू नये. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातही स्थानिक बिनविषारी साप पाळायला अशीच मनाई आहे, आणि त्यात कॉर्न स्नेकही येतो. परदेशी साप आणणारा व्यापार किती निर्दय असतो हे मुंबईनं पाहिलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत कोंबलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक मुंबई विमानतळावर पकडले गेले. ज्या सापाला अंधारी फट हवी असते, त्याला पाकिटात दाबून बसवलं होतं.

साठाव्या दिवसाच्या सुमाराला अंडी सुरकुततात, खोलगट होतात. नवख्या माणसाला वाटतं, मेली. एक-दोन दिवसांत कवचावर बारीक चीर दिसते. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकावरच्या इवल्या दातानं पाडलेली. चिरेतून नाक येतं, हवा घेतं आणि माणसाची सावली पडताच परत आत जातं. कधी दिवसभर, कधी दोन दिवस पिल्लू तिथेच राहतं, बलक अंगात शोषून घेत. या वेळी मदत करायचा मोह टाळावा. ओढून काढलेल्या पिल्लाच्या पोटाशी बलकाची पिशवी तशीच लोंबत राहते.

बाहेर आलेलं पिल्लू वीत-सव्वा वीत लांब, काही ग्रॅम वजनाचं असतं. प्रत्येकाला वेगळा छोटा डबा, ओलसर कागद, पाण्याची वाटी. आठ-दहा दिवसांनी पहिली कात, आणि त्यानंतर पहिलं जेवण. काही पिल्लं उंदराकडे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण त्यांच्या मूळ रानात पहिलं भक्ष्य बहुधा छोटा ॲनोल सरडा असतो. तेव्हा उंदराच्या पिल्लाला सरड्याचा वास लावून देतात. डब्यात टॉयलेट पेपरच्या नळीचा तुकडा ठेवायला विसरू नये. पिल्लू डब्याच्या कडेनं एक फेरी मारतं, जीभ काढत नळीच्या तोंडाशी थांबतं आणि आत शिरतं. शेवटी फक्त शेपटीचं टोक दिसतं, मग तेही दिसत नाही.